तिसऱ्या राजाचा रंग

सान्वी गेल्यावर भेटायला जे जे आले, त्यांत खरं बोलली ती एकटी फिझा.

फिझा म्हणजे सान्वीची केजीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच स्कूलबसने जायच्या, पुढे नोकरीलाही लागल्या त्या एकाच इमारतीत. ती आत आली, टीव्हीशेजारी ठेवलेल्या हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आंटी, हू इज दिस?"

बाकीच्यांना वाटलं, पोरीला धक्का बसलाय. कुणीतरी तिला पाणी आणून दिलं. मला मात्र ती काय म्हणतेय ते लगेच कळलं. फोटोतली मुलगी गोरी होती, गालांवर गुलाबी झाक होती. माझी मुलगी सावळी होती. सावळी हा आपल्याकडचा सभ्य शब्द आहे. ती काळी होती, माझ्यासारखी, माझ्याहून एक छटा जास्तच. आणि देखणी होती. साध्या तापाचं निमित्त होऊन हॉस्पिटलमध्ये गेली आणि परत आली नाही. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेवीस वर्षांची होती.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिचा एक फोटो, ज्यात ती तीच असेल. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं आणि त्या दिवशी मला त्या गोऱ्या मुलीला हार घालायचा नव्हता. पण आमच्या घरात सान्वीचा असा एकही फोटो उरला नव्हता. कारण माझा नवरा.

गुणवंत आणि मी पुण्याला एका कॉलेजात होतो, म्हणून आमचं अजून अरे-तुरे चालतं. लग्न ठरताना सासूबाई मला बघून 'नाकीडोळी नीटस आहे' एवढंच म्हणाल्या होत्या. रंगाबद्दल बोलायचं नसलं की आपल्याकडे नाकडोळ्यांबद्दल बोलतात. गुणवंतने त्यावरून आईशी भांडण केलं होतं, हे मला त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मग आम्ही दुबईला आलो, अल मनखूलमध्ये घर घेतलं, आणि तो एका प्रिंटिंग कंपनीत फोटो आणि फाइली नीट करायच्या कामाला लागला. त्यात त्याचा हात असा बसला की इथल्या मराठी मंडळातल्या बायका कार्यक्रम संपायच्या आत त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. "गुणवंतभाऊ, ग्रुपवर टाकायच्या आधी जरा हात फिरवा हं." हात फिरवणे म्हणजे सुरकुत्या पुसणे, डोळ्यांखालचं काळं काढणे आणि मुख्य म्हणजे उजळ करणे. त्यासाठी त्याने कॉम्प्युटरवर एक बटणच बसवून ठेवलं होतं. माणसाभोवती चौकट आखायची आणि बटण दाबायचं. एकदा दाबलं की एक पायरी उजळ. जितकं माणूस सावळं तितक्या वेळा दाबायचं.

एका वर्षी हळदीकुंकवाचे फोटो चुकून तसेच ग्रुपवर गेले. प्रमिलाकाकू म्हणजे मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, त्यांच्या शब्दाबाहेर इथे कुणी जात नाही. त्यांनी आपला मूळ चेहरा बघितला आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर गुणवंतने नियम केला. मूळ फोटो ठेवायचाच नाही. हात फिरवायचा आणि त्याच फाइलवर सेव्ह करून टाकायचं, म्हणजे पुन्हा घोळ नको. घरातल्या फोटोंनाही हाच नियम लागला. आमच्या तिघांच्या फोनमधलं सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर जायचं, फोन रिकामे व्हायचे आणि फोटो गोरे होऊन परत यायचे.

सान्वी सोळा-सतरा वर्षांची असताना एकदा त्याच्या खुर्चीमागे उभी राहून म्हणाली होती, "बाबा, यू डिडन्ट लाइक द ओरिजिनल?"

"अगं वेडे, लाइट कमी होता," तो म्हणाला होता.

ती हसली होती. मीही हसले असेन. आता मी ते सारखं आठवून बघते, की ती कशी हसली होती. आठवत नाही.

तर असं होतं. तिच्या स्वतःच्या फोनमधल्या सेल्फी त्या फोननेच गुळगुळीत केलेल्या. फिझाने आपल्या फोनमधून शंभरेक फोटो पाठवले, त्यातही तेच, नाहीतर कुठल्यातरी कॅफेच्या जांभळ्या उजेडातले. पासपोर्टचा फोटो करामा भागातल्या फोटोवाल्याने न सांगता पांढराफटक केलेला. आयडी कार्डावरची सान्वी राखाडी रंगाची. रडून काही उपयोग नव्हता आणि मला रडू येतही नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा ओठ कसा होतो, तशी मी झाले होते. ओठ आहे हे माहीत असतं, पण चावला तरी लागत नाही.

गुणवंत आणि मी याबद्दल बोलत नव्हतो. मी फक्त एकदा विचारलं होतं, "एकही नाही ठेवलास?" तो "नाही" म्हणाला आणि आंघोळीला गेला.

गुणवंतने इथे ड्रायव्हिंग टेस्ट इतक्या वेळा दिली की शेवटी त्याचा इन्स्ट्रक्टरच कंटाळून पेशावरला परत गेला. त्यामुळे सिलिकॉन ओएसिसला त्याच्या कंपनीत त्याला सोडायचं काम पहिल्यापासून माझं. पूर्वी मी त्याला सोडून माझ्या ऑफिसला जायचे. आता नोकरी सोडली होती आणि घरी जाऊन करायचं काय, म्हणून मी त्यांच्या रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहायचे. मालक शौकतभाई लखनौचे, भला माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "भाभी, कुछ काम था?" मी "नहीं" म्हटलं. त्यांनी चहा पाठवला आणि त्यानंतर रोज पाठवत राहिले. कुणी काही विचारलं नाही. छपाईच्या मशीनचा घरघराट ऐकत बसलं की डोक्यात दुसरं काही येत नाही, हे मला तिथे कळलं.

त्या दिवसांत त्यांच्याकडे एक मोठं काम आलं होतं. युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या धार्मिक चित्रांच्या भिंतीएवढ्या प्रती काढायच्या, एका प्रदर्शनासाठी. येशूचा जन्म, मरिया, देवदूत, संत. चित्रांच्या फाइली तिकडच्या संग्रहालयांकडून आल्या होत्या. गुणवंतने त्या साफ करायच्या, मापात बसवायच्या आणि छापायला द्यायच्या. शौकतभाई खूश होते. सारखे म्हणत होते, "यल्ला गुणवंत, ये काम अच्छा गया तो साल भर का काम पक्का, इन्शाल्ला."

पहिली मोठी प्रत निघाली तेव्हा दोघा कामगारांनी ती बाहेरच्या हॉलमध्ये भिंतीवर ताणून लावली. मी सोफ्यावरून बघत होते. चित्र छान होतं. गोठ्यासारखी पडकी जागा, मरिया निळ्या वस्त्रात, मांडीवर गुटगुटीत बाळ. समोर तीन राजे भेटी घेऊन आलेले. पहिला म्हातारा, गुडघे टेकून बाळाच्या पायाशी वाकलेला, मुकुट काढून जमिनीवर ठेवलेला. दुसरा मध्यमवयीन, त्याच्या मागे, मुकुट काढायच्या बेतात. तिसरा तरुण, चित्राच्या अगदी कडेला उभा, अजून त्याचा नंबर यायचा होता. त्याचा पोशाख सगळ्यांत भारी. हिरवं मखमल, पांढरे बूट, कानात मोती. चेहरा गव्हाळ. लग्नाच्या जाहिरातीत लिहितात तसा गव्हाळ, सुस्वरूप.

मी चहा पीत त्याच्याकडे बघत होते आणि मला उगीच वाटत होतं, याला कुठेतरी बघितलंय.

बारा वाजता डॉक्टर आमना आल्या. शारजातल्या एका विद्यापीठात त्या कलेचा इतिहास शिकवतात, प्रदर्शन त्यांनीच उभं केलं होतं. मूळच्या सुदानच्या, उंच, काळ्याभोर, डोक्यावरून पिवळं तलम वस्त्र घेतलेलं. शौकतभाईंशी हसून बोलत आत आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी चित्र डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे.

"तिसरा राजा कुठे आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. हिंदी त्यांना समजायची.

शौकतभाई गडबडले. "मॅडम, ये खडा है ना. साइड में."

"हा नव्हे. माझा राजा. बल्थाझार. तो आफ्रिकन आहे. काळा आहे." त्या चित्राच्या जवळ गेल्या आणि आपलं मनगट त्या गव्हाळ चेहऱ्याशेजारी धरलं. "याला कुणी पुसलं?"

शौकतभाईंनी आतल्या दिशेने हाक मारली. गुणवंत चष्मा कपाळावर चढवून बाहेर आला. त्याने चित्राकडे बघितलं, डॉक्टर आमनांच्या हाताकडे बघितलं. त्याचा चेहरा कोराच राहिला, आणि मला माहीत होतं, तो नाटक करत नाहीये. त्याला खरोखरच काय चुकलं ते दिसत नव्हतं.

"मॅडम, फेस अंधेरे में था," तो म्हणाला. "लाइट कम था, इसलिए थोडा उठाया."

लाइट कमी होता. मी चहाचा कप खाली ठेवला. तो गव्हाळ चेहरा कुठे बघितला होता ते मला तेव्हा कळलं. तो आमच्या टीव्हीशेजारी होता. तीच गुलाबी झाक, डोळ्यांखालची तीच सपाट कातडी, जणू दोघं एकाच आईची लेकरं.

शौकतभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर आमना ओरडतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्या गुणवंतकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुदानात, ओमदुर्मानला आमच्या गल्लीत तुमच्यासारखाच एक फोटोवाला होता. माझ्या आजीचं त्याच्यावर फार प्रेम होतं." मग म्हणाल्या, "मूळ फाइल आहे का? की तिच्यावरच सेव्ह केलंत?"

गुणवंतने आतल्या कॉम्प्युटरकडे वळून बघितलं. तिच्यावरच केलं होतं, दुसरं काय करणार.

"हरकत नाही. संग्रहालयाकडे आहे, पुन्हा मागवू. पण आधी मला सांगा, फाइलच्या कडेला रंगांची पट्टी होती ती कुठे गेली?"

"वो काट दी, मॅडम. पिक्चर के बाहर थी."

"तीच तर महत्त्वाची." त्यांनी आपला फोन काढला आणि त्यावर मूळ चित्र उघडलं. मीही उठून जवळ गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

चित्राच्या खालच्या कडेला एक पट्टी होती, छोट्या छोट्या रंगीत चौकोनांची. डॉक्टर आमनांनी समजावून सांगितलं. चित्राचा फोटो काढताना ही पट्टी चित्राला लावून ठेवतात. खरी पट्टी प्रत्येक छापखान्यात मिळते. छापताना खरी पट्टी शेजारी धरायची आणि फोटोतली पट्टी तिच्याशी जुळवायची. पट्टी जुळली की बाकीचं चित्र आपोआप जुळतं. मग कुणाला काय वाटतं, कुणाच्या डोळ्यांना काय सवय आहे, त्याचा प्रश्न उरत नाही.

"आणि हा बघा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चेहरा मोठा केला.

मी बघितलं. काळा तरुण होता. काळा म्हणजे नुसता काळा नव्हे. कपाळावर निळसर उजेड, गालाच्या हाडावर तांबूस, ओठांच्या कडा जांभळट, डोळ्यांच्या कोपऱ्यात थोडं लाल. थकलेला दिसत होता. बाकी सगळे बाळाकडे बघत होते, हा एकटा जरा बाजूला, चित्राबाहेर कुठेतरी बघत होता. समोरच्या भिंतीवरच्या त्या गव्हाळ माणसात हे काहीच नव्हतं.

डॉक्टर आमना बोलत होत्या. आधीच्या चित्रांत तिन्ही राजे गोरेच असायचे. मग साधारण सहाशे वर्षांपूर्वी चित्रकार एकाला आफ्रिकन रंगवायला लागले, सगळं जग बाळापुढे वाकायला आलंय असं दाखवायला. तोच बहुतेक वेळा सगळ्यांत मागे, कडेला उभा. बऱ्याच जणांनी नुसता गोरा माणूस काढून त्याला वरून तपकिरी रंग दिलाय, नाकडोळ्यांवरून कळतं. "पण याच्यासमोर खरा माणूस बसला होता. कपाळावरचा हा निळा मनाने सुचत नाही, समोर बघून काढावा लागतो."

"कोण होता?" मी विचारलं. माझं इंग्रजी बरं आहे, पण आवाज बरेच दिवस वापरात नव्हता, तो घोगरा आला.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "माहीत नाही. तेव्हा तिकडच्या शहरांत आफ्रिकन लोक होते. गुलाम होते, नोकर होते, कुणी वाजंत्री, कुणी नावाडी. याला पैसे मिळाले की नुसतं उभं राहायला सांगितलं, तेही माहीत नाही. राजाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. या माणसाचं कुणी लिहून ठेवलं नाही."

मी मान हलवली. आमच्याकडे उलटं झालं होतं. सान्वीचं नाव सगळीकडे नीट लिहिलेलं होतं. व्हिसावर, हॉस्पिटलच्या कागदांवर, दाखल्यावर, इंग्रजीत आणि अरबीत. रंग तेवढा कुठे नव्हता. हा कोण कुठला माणूस, त्याला जाऊन पाचशे वर्षं झाली, आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं लाल अजून जागेवर होतं. मला त्याचा हेवा वाटला. एका चित्रातल्या माणसाचा हेवा वाटावा इतकी मी खाली आले होते, हे मला कळत होतं, आणि तरी वाटला.

घरी जाताना रस्ता तुंबलेला होता. पुढच्या ट्रकच्या मागच्या दाराचा रंग कुठे कुठे उडालेला होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो होतो. मग तो म्हणाला, "मला खरंच वाटलं, लाइट कमी आहे."

"माहितीय मला," मी म्हटलं. माहीत होतंच. राग यायला हवा होता. तो कुठेतरी लांब आहे एवढंच जाणवलं, शेजारच्या फ्लॅटमधल्या टीव्हीसारखा.

नवी फाइल दोन-तीन दिवसांत आली. या वेळी गुणवंतने पट्टी कापली नाही. मी आत जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले, सान्वी राहायची तशी. त्याने खरी पट्टी पांढऱ्या दिव्याखाली ठेवली, स्क्रीनवरची पट्टी तिच्याशी लावत गेला, एक एक चौकोन. राजाच्या चेहऱ्याकडे त्याने बघितलंही नाही. पट्टी जुळली आणि राजा आपोआप आला, निळसर कपाळ घेऊन, दमलेला.

तेव्हा मला संक्रांतीचा फोटो आठवला.

मंडळाच्या हळदीकुंकवाचा होता तो, तीन वर्षांपूर्वीचा. वर्षातून एकदा आपल्याकडे काळा रंग शुभ असतो, त्या दिवशीचा. मी काळी चंद्रकळा नेसले होते, सान्वी काळ्या ड्रेसमध्ये. ती खुर्चीत बसलेली आणि मी मागे उभी, माझा उजवा हात तिच्या खांद्यावर. माझा चेहरा अर्धा कापला गेलाय त्यात, पण हात पूर्ण आहे. मनगट, बांगड्या, बोटं सगळं.

"संक्रांतीचा फोटो आहे इथे?" मी विचारलं.

"कुठला?"

"माझा हात आहे तो."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि पटकन नजर वळवली. "शुक्रवारी करू," तो म्हणाला. "हाफ डे असतो. कुणी नसतं."

शुक्रवारी नमाजाच्या वेळेला शौकतभाई आणि बाकीचे गेले आणि आम्ही दोघंच उरलो. गुणवंतने फोटो उघडला. दोन गोऱ्या बायका काळ्या कपड्यांत. खांद्यावरचा हात लोण्यासारखा.

"किती वेळा दाबलं होतंस बटण?"

"नाही आठवत."

"मला आणि तिला वेगवेगळं?"

"नाही. तुझा हात तिच्या अंगावर होता ना. एकाच चौकटीत दोघी आल्या." तो जरा थांबला. "म्हणजे दोघींना सारखंच झालंय. बाकी काही पुसलं नव्हतं."

मी बांगड्या वर सारल्या आणि हात पांढऱ्या दिव्याखाली ठेवला, पट्टीच्या जागी. हात तोच होता, तीन वर्षांनी म्हातारा. गुणवंतने एकदा हाताकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे, आणि रंग खाली ओढायला सुरुवात केली.

आधी गुलाबी गेलं. मग लोणी गेलं. हात पिवळट झाला, मग गव्हाळ. तिथे तो थांबला.

"अजून," मी म्हटलं.

त्याने थोडं ओढलं. "आता?"

"माझ्या हाताकडे बघ. मला काय विचारतोस?"

त्याने बघितलं. त्याने माझा हात हातात घेतला, दिव्याखाली थोडा फिरवला आणि परत ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या हाताचा रंग नेमका कोणता हे तो पहिल्यांदाच बघत होता. मला वाईट वाटलं, त्याच्यासाठी की माझ्यासाठी ते कळलं नाही. तो पुन्हा ओढायला लागला. तो आता नुसता हाताकडे बघत होता, तिच्या चेहऱ्याकडे बघणं टाळत होता. मी मात्र तिच्याकडेच बघत होते. कपाळ खाली आलं. गालांवरची ती सपाट साय निघाली. नाकाच्या बाजूची छोटी खूण वर आली, जी मी विसरले होते.

"शोभना, एवढी नव्हती गं ती," तो मध्येच म्हणाला.

"हात जुळलाय?"

"अजून थोडा राहिलाय."

"मग जुळव."

त्याने जुळवला. फोटोतली बोटं आणि दिव्याखालची बोटं एक झाली, आणि खुर्चीत सान्वी बसलेली होती. माझ्याहून एक छटा काळी. डोळ्यांखाली जास्त. हसायच्या आधीचं तिचं तोंड. मला वाटलं होतं, ती दिसली की माझं इंजेक्शन उतरेल आणि सगळं एकदम दुखायला लागेल. तसं काही झालं नाही. मी नुसती बघत राहिले आणि मनात एवढंच आलं, हो, हीच.

गुणवंतने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही घरात होती," तो म्हणाला. "रोज समोर बसून जेवत होती." मी दिव्याखालचा हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला. हात गरम झाला होता, दिव्याने.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि सवयीने तिच्या चेहऱ्याभोवती चौकट आखायला घेतली, फ्रेमच्या मापाची. चौकट तिच्या खांद्यापाशी आली. माझा हात बाहेर राहत होता. हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचं काही येऊ द्यायचं नाही असं आपल्याकडे मानतात, ते त्यालाही माहीत होतं, मलाही. त्याने माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून त्याच्या पाठीवर होता. त्याने चौकट पुसून टाकली.

वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. गुरुजींचं आटोपलं, पानं वाढायची होती. नवा फोटो टीव्हीशेजारी होता. फिझा आली, गेल्या वेळेसारखीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. या वेळी तिने काही विचारलं नाही. "हाय, सानू," एवढंच म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. मला तिचा हेवा वाटला.

प्रमिलाकाकू खुर्चीतून पुढे वाकून बघत होत्या. "गुणवंता, हे काय रे? सान्वी एवढी काळी कुठे होती? छान उजळ होती की."

"शी वॉज," फिझा खालूनच म्हणाली. "आंटी, शी वॉज एक्झॅक्टली दिस."

काकूंना पोरीचं उलट बोलणं आवडलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. "आणि हा हात कुणाचा खांद्यावर? शोभनाचा? अरे, जिवंत बाईचा हात हारात ठेवतात का? अशुभ असतं. तेवढा कापून टाक हो, तुझ्या एका मिनिटाचं काम."

गुणवंतने काकूंना कधी कशाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तो पाणी वाढत होता. त्याने तांब्या खाली ठेवला.

"नाही काकू. तो हात राहणार," तो म्हणाला. "तिचा रंग मी त्या हातावरून लावलाय. हात कापला तर रंग खरा की खोटा, हे कुणाला कळणार?"

काकू माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मग हळूहळू सगळेच बघायला लागले. माझ्या हातात खिरीची वाटी होती. मी ती खाली ठेवली, बांगड्या वर सारल्या आणि हात फोटोच्या शेजारी धरला. ज्यांना पडताळून बघायचं होतं त्यांनी बघावं.